वेदगंगेचा पूर सीमा पाहत नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले व वाहतूक ठप्प झाली. पाणी कोठवर चढते, हे नदीकाठच्या जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. मात्र जमीन बिनशेती करताना ते ज्ञान क्वचितच कागदावर उतरते. भूशास्त्रीय नकाशाचे महत्त्व येथेच आहे.

बेळगाव-निपाणी पट्ट्याचा पाया मुख्यत्वे बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळाचा आहे. त्यावर काही ठिकाणी जांभा, तर सखल भागात काळी माती आढळते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात. सच्छिद्र जांभ्यातून पाणी लवकर झिरपते. विहिरीच्या पुनर्भरणाला ते उपकारक असले, तरी शोषखड्डा जवळ असल्यास तीच विहीर दूषित होते. बेळगावच्या शहापूर-वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी भातपिकात साचते. अशा सखल जमिनीवर भराव टाकून वसाहत उभारली, तर पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या शिवारात शिरते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ मध्ये दरडप्रवण क्षेत्रांच्या राष्ट्रीय नकाशांकनाचा कार्यक्रम हाती घेतला. हे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीचा भूखंड अवघ्या दोन मिलिमीटरचा दिसतो. सह्याद्रीच्या उतारावरील धोक्याचा पट्टा त्यावरून कळतो, परंतु घर कोठे बांधावे, हे ठरत नाही. त्यासाठी गावाच्या सर्व्हे नंबरांच्या नकाशावर खडक, माती, उतार, ओढे आणि विहिरींची पातळी यांची नोंद हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा ग्रामस्थांच्या साक्षीने त्यावर आखता येतील. पूररेषेच्या आत शेती, चराई वा क्रीडांगण. शाळा, दवाखाना आणि नवी घरे उंच, पक्क्या जमिनीवर, असा निर्णय मग ग्रामसभेला आधारासह घेता येईल.

वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी भागात येतात. वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि धरणांचा विसर्ग यांचा परिणाम खालच्या गावांवर होतो. म्हणून राज्याच्या सीमेवर थांबणारा नकाशा अपुराच ठरेल. तो संपूर्ण खोऱ्याचा असायला हवा.