ऑपरेशनचे सलाईन आणि उसाचा वाफसा

अंबड-घनसावंगीकडे आम्ही प्लॉट पाहायला गेलो की बांधावर हमखास विचारतात, ऑपरेशनला एवढ्या सलाईनच्या बाटल्या कशाला? कमी लावल्या तर दुसरी तक्रार असतेच!

डाव्या कालव्याला पाणी आले म्हणून उसाला सारखे देत राहिले तर मुळ्यांना हवा मिळत नाही. आम्ही वाफसा बघा म्हणतो तो त्यासाठीच. पेशंटचेही तसेच. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडाला धोका, फार झाले तर फुप्फुसात साचते, आतड्याला सूज येते.

मग भूलतज्ज्ञ ओळखतात कसे? धमनीत सुई न टोचताही अंदाज येतो. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात ना, तोच. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे तत्त्व मांडले. पडद्यावर नाडीची लाट दिसते. मशीनवर श्वास चालू असताना ती श्वासागणिक फार लहान-मोठी होऊ लागली, तर शरीर बहुधा पाणी मागते आहे. लाट एकसारखी असेल तर बाटली वाढवून फारसा फायदा नाही. ठोके अनियमित असले, बोटे गार पडली, की हा हिशेब फसतो. म्हणून लघवी, रक्तदाब, रक्तस्राव हेही बघावेच लागते.

तोडणीच्या फडातून थेट ऑपरेशनला जाणाऱ्या भगिनींनी उलट्या-जुलाब झाले का, कालपासून किती पाणी पोटात गेले, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. ते चिमटा सांगत नाही.