सलाईन लावून उदासी जाते का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचे शब्दांकन)

हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या. गेल्या दोन महिन्यांत तीन गटांकडून एकच प्रश्न आलाय. मोबाइलवर जाहिरात येते की शहरात एका दवाखान्यात सलाईन लावतात आणि नैराश्य एका दिवसात पळतं. हे खरं का? आणि खरं असेल, तर त्यासाठी गटातून कर्ज द्यावं का?

त्या सलाईनमध्ये जे औषध घालतात त्याचं नाव केटामिन. औषध नवं नाही. ते भुलीचं औषध आहे. १९६२ साली अमेरिकेत ते तयार झालं, १९७० मध्ये तिथल्या सरकारनं परवानगी दिली आणि व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांना ते दिलं गेलं. त्याची खुबी अशी की भूल चढली तरी माणूस बहुतेक वेळा आपला श्वास आपणच घेत राहतो, रक्तदाबही खाली पडत नाही. म्हणून जिथं मोठी यंत्रं नाहीत अशा लहान दवाखान्यांना त्याचा फार आधार वाटतो. लेकराचा मोडलेला हात बसवताना, भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना ते वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. जुन्नरकडच्या बायकांना आणखी एक ओळख सांगते. बिबट्याला बेशुद्ध करायला वनखात्याचे डॉक्टर जी सुई मारतात, तिच्यात बहुधा दुसऱ्या एका औषधासोबत हेच केटामिन असतं. हसू नका. औषध तेच, मात्रा वेगळी.

मग भुलीच्या औषधाचा मनाशी काय संबंध? येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००० साली नैराश्याच्या मोजक्या रुग्णांना भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत केटामिन दिलं, तेव्हा तीन दिवसांत त्यांना बरं वाटू लागलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेनं आणखी एक प्रयोग केला. त्यातले रुग्ण असे होते की ज्यांना आधीच्या गोळ्यांनी गुण आलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दहापैकी सातजणांची तब्येत स्पष्ट सुधारली. ही मोठीच गोष्ट होती, कारण नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पण त्याच प्रयोगातला पुढचा आकडा जाहिरातीत कधी नसतो. एक आठवडा टिकून राहिलेला गुण फक्त एक तृतीयांश रुग्णांत दिसला.

म्हणजे सलाईननं आराम लवकर पडतो आणि लवकर उतरतोही. म्हणूनच एका सलाईनवर काम भागत नाही. साधारण आठवड्याला दोन अशा सहा सलाईन देतात, आणि नंतर गोळ्या, समुपदेशन, कधी कधी पुन्हा सलाईन, असं चालू ठेवावं लागतं.

हे औषध आत काय करतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. एवढं मात्र कळलंय की नेहमीच्या गोळ्या मेंदूतल्या ज्या रसायनांवर काम करतात, त्यांपेक्षा वेगळ्या रसायनावर केटामिनचा परिणाम होतो. त्याचं नाव ग्लुटामेट. फार दिवस ताण राहिला की मेंदूतल्या पेशींना एकमेकींशी जोडणारे बारीक फाटे झडतात. उंदरांना केटामिन दिल्यावर काही तासांत ते फाटे पुन्हा फुटलेले दिसले. पाणी मिळालं की उसाला पांढरी मुळी सुटते ना, तसं समजा. पण मुळी सुटली म्हणजे पीक हाती आलं असं कोणी शेतकरीण म्हणणार नाही. त्या चार-आठ दिवसांत जेवण, झोप, गोळ्या, बोलणं यांची घडी बसवावी लागते.

आता सलाईनच्या खोलीत काय होतं ते सांगते. मात्रा वजनावर ठरते, किलोला अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पंचवीस मिलिग्रॅम, तेही चाळीस मिनिटांत सावकाश. काही तास आधीपासून पोट रिकामं ठेवतात. रक्तदाब, नाडी, रक्तातला ऑक्सिजन सारखा बघतात. बाई पूर्ण झोपत नाही. तिला तरंगल्यासारखं वाटतं, आपले हात आपले नाहीतसं वाटतं, आवाज दुरून येतात, रंग वेगळे दिसतात. कुणाला मळमळतं, कुणाचा रक्तदाब चढतो. एखादी घाबरून रडू लागते. सलाईन संपल्यावर तास-दोन तासांत हे ओसरतं. आधी सांगून ठेवलेलं असलं तर बाई निभावून नेते. सांगितलेलं नसलं आणि घरी आधीच करणी-बाधेचं बोलणं चालू असलं, तर तिच्या मनात काय येईल याचा विचार करा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, चुलीपाशी किंवा विहिरीपाशी एकटीनं जायचं नाही. सोबत घरचं माणूस हवंच.

हे सगळ्यांना देत नाहीत. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा मोठा आजार असेल, बाई गरोदर असेल, कानात आवाज ऐकू येण्याचा, भास होण्याचा आजार असेल किंवा नशेची सवय असेल, तर डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतात. केटामिनची स्वतःचीही नशा लागू शकते. जे लोक ते पुन्हा पुन्हा नशेसाठी घेतात त्यांची लघवीची पिशवी कायमची खराब होऊ शकते. म्हणूनच आपल्या देशात २०१३ च्या अखेरीपासून ते सर्वांत कडक नियमांच्या औषधांमध्ये घातलंय, आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. अमेरिकेत मॅथ्यू पेरी नावाचा प्रसिद्ध नट २०२३ मध्ये घरीच पाण्याच्या हौदात मरण पावला. तो डॉक्टरांकडे नैराश्यासाठी केटामिन घेत होता, पण मृत्यू झाला तो बाहेरून मिळवून घरी घेतलेल्या केटामिननं. तेव्हा ‘घरी येऊन सलाईन लावतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला उंबऱ्याच्या बाहेरच ठेवा.

मग हे कुणासाठी आहे? ज्या रुग्णानं दोन वेगवेगळ्या गोळ्या, पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेतल्या आणि तरीही गुण आला नाही, त्याच्यासाठी. असे रुग्ण थोडे नाहीत, साधारण तिघांमागे एक असतो. ज्याला जगणंच नकोसं झालंय, त्यालाही मोठ्या रुग्णालयात कधी कधी देतात. फ्रान्समध्ये आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या दीडशेवर रुग्णांवरचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. तिसऱ्या दिवशी केटामिन मिळालेल्यांपैकी ६३ टक्के लोकांच्या मनातून तो विचार गेला होता. नुसतं सलाईनचं पाणी मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होतं. सहा आठवड्यांनी मात्र दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. माझ्या मते या औषधाची खरी किंमत त्या पहिल्या तीन दिवसांत आहे. चिंता, जुन्या आघाताच्या आठवणी, मंत्रचळ यांवरही ते देतात, पण तिथला पुरावा नैराश्याइतका भक्कम नाही. ‘मनाच्या सगळ्या आजारांवर’ असं लिहिलेली पाटी दिसली की मला तरी शंका येते.

आता कर्जाचं. एका ताईनं चिठ्ठीत लिहिलंय की त्यांच्या जाऊबाई दुसऱ्या बाळंतपणानंतर आठ महिने अंथरुणातच असतात. बाळाकडे बघत नाहीत, रात्रभर टक्क जाग्या. तालुक्याला गोळ्या दिल्या, पण मळमळ होते म्हणून बाराव्या दिवशी बंद केल्या. दीर म्हणतात सहा सलाईन लावू, गटानं पैसे द्यावेत, नाहीतर मंगळसूत्र गहाण ठेवू.

ताई, दिरांना बाईची काळजी आहे, ही चांगली गोष्ट आहे. कितीतरी घरांत ‘कामाचा कंटाळा’ म्हणून सोडून देतात. पण तुमच्या जाऊबाईंवर औषध चाललं नाही असं अजून म्हणता येत नाही. बारा दिवसांत गोळीला वेळच मिळाला नाही. मळमळ बहुतेकींची पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होते, नाही झाली तर डॉक्टर गोळी बदलून देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशाही गोळ्या आहेत, फक्त बाळ दूध पितं हे डॉक्टरांना सांगायचं. शिवाय हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. बाळंतपणानंतर या दोन्हींचा घोळ पुष्कळदा असतो आणि त्यानंही माणूस गळून जातं. हे सगळं जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे होतं. गटाला द्यायचेच असतील तर जाण्यायेण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे आज द्या. खासगीतल्या एकेका सलाईनचे पैसे हजारांत मोजावे लागतात, आणि औषध स्वतः जुनं नि स्वस्त आहे. पैसे जातात ते खाट, यंत्रं आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसांपोटी. त्यामुळं ‘आमच्याकडे स्वस्तात’ म्हणणाऱ्यानं यातलं काय वगळलंय, ते आधी विचारा.

एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. जाऊबाई ‘मी नसलेली बरी’ असं बोलत असतील, किंवा बाळाला काही करावंसं वाटतं म्हणत असतील, तर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. फवारणीची औषधं कुलपात टाका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्यांना आणि बाळाला एकटं ठेवू नका. रात्री-अपरात्री १४४१६ हा नंबर लावा. सरकारचा टेलिमानस, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

दोन-तीन गोळ्यांनीही गुण नाही आला, तर मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच पुढचं बोलतील. त्यात केटामिन असेल, कदाचित विजेचे उपचारही असतील. त्यांचं नाव काढलं की बायका पदर तोंडाला लावतात, पण आता कायद्यानंच ते भूल दिल्याशिवाय देता येत नाहीत, आणि आजार फार खोल असेल तर ते चांगलं काम करतात. केटामिनच सुचवलं, तर विचारा की सलाईन चालू असताना खोलीत डॉक्टर कोण असतील, श्वास अडखळला तर काय सोय आहे, किती सलाईन लागतील आणि त्यानंतर कोणत्या गोळ्या. जाताना जुने केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कोणती गोळी किती दिवस घेतली याची तारीखवार नोंद सोबत न्या. लिहिणारी गटात कोणी ना कोणी असतेच.