रील नक्की किती सेकंदांची?

कॉलेज फेस्टची पब्लिसिटी असो की मावशीच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डर्स, व्हिडिओचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडतं. मग पहिला वाद: लांबी किती ठेवायची? ऑक्टोबर २०२४पासून यूट्यूब शॉर्ट्स ३ मिनिटांपर्यंत चालतात, २०२५मध्ये इन्स्टाच्या रील्सनाही तेवढी मुभा मिळाली. म्हणून ३ मिनिटं भरायलाच हवीत असं थोडंच आहे!

यूट्यूबवर स्किप करता येणाऱ्या जाहिरातीचं बटण ५ सेकंदांनी चालू होतं. तुमचं बोट तिथे आधीच टपून बसलेलं असतं ना? रील बघणारा तर तेवढंही थांबत नाही. त्यामुळे फिरता लोगो, ‘नमस्कार मित्रांनो’ वगैरे आधी उडवा. चकली तेलात पडतानाचा चर्र आवाज पहिल्याच सेकंदाला ऐकू द्या. भाव आणि ऑर्डरचा नंबर २० सेकंदांच्या आत यायलाच हवा.

पण छोटं तेवढंच चांगलं, हेही खरं नाही. उद्या मावशीने फराळाचे क्लास काढले आणि फी हजाराच्या घरात ठेवली, तर २० सेकंद बघून कोण पैसे भरेल? तिथे भाजणी कशी करायची, चकली का तुटते, हे ५-६ मिनिटं निवांत दाखवा. ज्याला खरंच शिकायचंय, तो बघतो.

कुठे कापायचं हे मात्र भांडून ठरवू नका. प्रेक्षक कुठल्या सेकंदाला सटकले, याचा आलेख यूट्यूब स्टुडिओत मिळतो. तो जिथे धाडकन खाली येतो, तसला शॉट (तो नेमका तुमचा लाडका असतो) पुढच्या व्हिडिओत नको.