दिवे लागतात, पण सेल्फ फिरत नाही!

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेली आणि पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत पोहोचलेली फियाट आता दुर्मिळ झाली आहे. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. तथापि हौसेने जपलेल्या पद्मिनी अद्याप अनेकांच्या दारात उभ्या आहेत, आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते. चावी फिरवली की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मात्र फिरत नाही.

अशा वेळी गॅरेजमध्ये मिळणारा सल्ला ठरलेला असतो. आधी बॅटरी बदला. तेवढ्याने भागले नाही तर सेल्फ बदला. यात काही हजार रुपये खर्ची पडतात, आणि पुन्हा न मिळणारा मूळ सेल्फ भंगारात जातो. वस्तुतः दोष अनेकदा या दोन्हींत नसून त्यांना जोडणाऱ्या तारांत आणि सांध्यांत असतो.

यामागील गणित सोपे आहे. पुढच्या दोन दिव्यांना आठ-दहा अँपिअर प्रवाह पुरतो. थंड इंजिन फिरवताना सेल्फला मात्र दीडशे अँपिअरच्या घरात प्रवाह लागतो. एखादे टर्मिनल गंजून तेथे केवळ ०.०२ ओहम इतका रोध निर्माण झाला, तरी दिव्यांच्या बाबतीत तेथे ०.२ व्होल्टच वाया जातो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. त्याच सांध्यातून दीडशे अँपिअर जाऊ लागले, की तब्बल ३ व्होल्ट तेथेच खर्च होतात. म्हणूनच 'दिवे लागतात, म्हणजे करंट ठीक आहे' हे अनुमान फसवे ठरते.

तपासाची सुरुवात पान्याने नव्हे, कानाने करावी. चावी फिरवताच 'टक्‌टक्‌टक्‌' असा झरझर आवाज आला, तर व्होल्टेज कमी पडत आहे. सॉलेनॉइड ओढला जातो, सेल्फ प्रवाह घेताच व्होल्टेज कोसळते, सॉलेनॉइड सुटतो आणि हेच चक्र चालू राहते. एकच जोरकस 'टक्' होऊन शांतता पसरली, तर सॉलेनॉइडचे आतील संपर्क जळलेले असावेत, सेल्फचे कार्बन झिजलेले असावेत किंवा सेल्फ अडकलेला असावा. काहीच आवाज नसेल, तर इग्निशन स्विच आणि त्यापासून सॉलेनॉइडपर्यंत येणारी बारीक तार पाहावी. सेल्फ नुसताच घरघरत असेल, तर बिघाड बेंडिक्समध्ये किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांत आहे. तेथे विजेचा संबंध नाही. इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा पेट्रोल हा निराळाच विषय.

यानंतर मल्टिमीटर हाती घ्यावा. साधा मीटरही पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुस्थितीतील बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२.२ च्या आसपास आला, तर ती अर्धी उतरली आहे असे समजावे व आधी चार्ज करून घ्यावी. मग गिअर न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक ओढून आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची मधली तार काढून ती इंजिनला अर्थ करून दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारण्यास सांगावे. त्या क्षणी बॅटरीचे व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये.

खरी मेख पुढच्या चाचणीत आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी सेल्फच्या धातूच्या अंगावर धरून सेल्फ मारावा. मीटरने ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक दाखवले, तर अर्थिंग सदोष आहे. हीच चाचणी पॉझिटिव्ह खुंट आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्या दरम्यान करावी; तेथे ०.५ व्होल्टपर्यंत चालते. आकडा जास्त आला की एकेक सांधा पुढे सरकत तपासावा. ज्या सांध्यावर व्होल्ट सापडतील, तोच गुन्हेगार.

अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने अलग असते आणि विणलेल्या तांब्याची एक पट्टी त्या दोघांना जोडते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ती हिरवट पडते, तर कधी बॉडीला नवा रंग देताना तिच्या बोल्टखालीही रंग चढवला जातो! मग प्रवाह मिळेल ती वाट धरतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर पट्टी निकामी झाली असे खुशाल समजावे. उपाय म्हणजे पॉलिश पेपरने धातू लखलखीत होईपर्यंत घासणे, बोल्ट आवळणे आणि वरून पेट्रोलियम जेली लावणे.

काम करताना बॅटरीची अर्थ बाजू प्रथम सोडवावी आणि शेवटी जोडावी. पद्मिनीत ती निगेटिव्ह असते. मॉरिस मायनरसारख्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र पॉझिटिव्ह. तेव्हा तारेच्या रंगावर विसंबू नये, ती कोठे जाते ते पाहावे.