जंजिऱ्याची पायरी

दिवेआगर-श्रीवर्धनला सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाला मुरूडचा जंजिरा बघायचा असेल तर पाणी दोनदा ओलांडावं लागतं. पहिल्यांदा जीपसकट, दुसऱ्यांदा जीप काठावर ठेवून. दिघीहून आगरदांड्याला जंगलजेटी जाते. सपाट तळाची ही फेरीबोट; पुढची फळी धक्क्यावर टेकली की दुचाक्या, जीप, टेम्पो तिच्यावरून आत. ‘घ्या, घ्या, अजून घ्या... बास!’ हा किन्नराचा पुकारा ऐकताना नव्या गाडीच्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. राजापुरीच्या खाडीला म्हसळ्याकडून वळसा घालायचा तर अख्खी सकाळ रस्त्यातच जाते, म्हणून ही सोय. मुलं उतरून कठड्याला लोंबकळतात. आजी जीपमध्येच बसून राहते.

दुसरी बोट राजापुरीच्या धक्क्यावरची. ही शिडाची. डोलकाठीला तिरकं बांधलेलं शीड वाऱ्याने फुगलं की बोलणारे आपोआप गप्प होतात. किल्ला समोरच दिसत असतो, पण दरवाजा काही दिसत नाही. काळा तट, त्यातून पुढे आलेले बुरूज, बस्स. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधली कमान उघडते.

आणि मग खरी परीक्षा. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते, समोरची दगडी पायरी जागची हलत नाही. तांडेल म्हणतो, ‘वर आली की पाय टाका.’ खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. एकजण हात धरतो, एकजण मागून ढकलतो, आणि घरातली सगळ्यात जाड व्यक्ती कोण, याची जाहीर नोंद होते.

ही गैरसोय नीट बघावी, कारण किल्ल्याचं अजिंक्यपण याच जागी आहे. आत गेल्यावर वाटाडे कलालबांगडी तोफेपाशी बराच वेळ घालवतात. तोफ प्रचंड आहे खरी. पण माझ्या मते किल्ल्याच्या धन्याला, सिद्दीला, या पायरीने जास्त तारलं. तटाखाली सैन्य उतरवायला कोरडी जमीनच नाही. हेलकावणाऱ्या होडीतून, वरून मारा होत असताना, ओल्या दगडावर पाय रोवायचा. शिवाजी महाराजांच्या काळात मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री होड्या नेऊन तटाला शिड्या लावल्या. मागून यायचं सैन्य वेळेत पोचलं नाही. उजाडायला आलं तेव्हा शिड्या काढून त्याला परतावं लागलं. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, दर्यावर राहणाऱ्याला ती काय कामाची म्हणून त्याने नम्रपणे नाकारली, आणि मग ‘पालखी’ नावाचं गलबतच त्याला मिळालं, अशी हकिकत सांगतात. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये वेगळाच उपाय काढला: खाडीत दगड टाकून थेट सेतूच बांधायला घेतला. मोगल फौजा स्वराज्यात शिरल्या आणि तो अर्धाच राहिला.

उतरल्यावर दारातलं शरभाचं शिल्प मुलांना दाखवा. पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेले आहेत, ते त्यांना मोजू द्या. तटाच्या दगडांनाही हात लावून बघा. खाऱ्या हवेने दगड झिजून आत गेलेत, पण सांध्यांतला चुना जसाच्या तसा, उंचवट्यासारखा बाहेर आलाय. आतली गोड्या पाण्याची दोन मोठी तळी बघून होईपर्यंत तांडेलाची हाक येतेच. परतीला तीच होडी असते आणि तासभर निवांत मिळाला तर नशीब.

कधी जायचं, हे कॅलेंडर सांगतं. मात्र त्यातल्या तारखेऐवजी तिथी बघायची. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही. म्हणून कोकणात तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, पक्षाने फरक पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास पाणी भरतं, पण ते उधाण; पायरीपाशी लाट उसळते आणि ओहोटीला पाणी फार खाली जातं. अष्टमीच्या मागेपुढे भांग असतो, चढ-उतार कमी. पावसाळ्यात प्रश्नच नाही, होड्या बंद.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळी नऊच्या आत-बाहेर भरलेलं पाणी मिळालेलं बरं. शेवाळाच्या पायऱ्या तेव्हा पाण्याखाली असतात, वाराही अजून चढलेला नसतो. हिशेब केला तर एकादशी नाहीतर द्वादशी निघते. आमच्याकडे द्वादशीच ठरते, कारण मुरूडला येऊन दुपारी सुरमई न खाता परत जायला घरातलं कुणीही तयार नसतं.