उपग्रहचित्राचे प्रमाण आणि वनाची मोजणी

१९८७ साली डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने देशातील वनाच्छादनाचा पहिला अहवाल सिद्ध केला, तेव्हा नकाशाचे प्रमाण दहा लाखांस एक असे होते आणि ४०० हेक्टरांहून लहान रान त्यात उमटतच नसे. त्यामुळे कोकणातील चिमुकल्या देवराया, कितीही निबिड असल्या तरी, दप्तरी अदृश्यच राहात. २००१ साली प्रमाण १:५०,००० झाले, मर्यादा १ हेक्टरावर आली, आणि सुटलेली झाडी जशी जमेस धरली गेली तशीच वनांतर्गत उघडी जागाही वजा झाली. सबब, भिन्न प्रमाणांचे आकडे शेजारी मांडून जंगल वाढले वा घटले असा निवाडा देणे मला सर्वथा अनुचित वाटते. शिवाय आच्छादन म्हणजे महसुली दप्तरातील वनजमीन नव्हे; हेक्टरभर आमराईही, तिचे छत्र दहा टक्क्यांहून दाट असल्यास, त्यात गणली जाते.