एकट्याची सायकल, खानदेशचे ऊन

धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर अधूनमधून एक दृश्य दिसते. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या, डोक्याला हेल्मेट, तोंडाभोवती गुंडाळलेला रुमाल आणि संथ गतीने पुढे सरकणारा एकटाच सायकलस्वार. चहाच्या टपरीवर तो थांबला की चार माणसे जमतात आणि 'कथा चालना भाऊ?' या अहिराणी प्रश्नाने चौकशीला सुरुवात होते. कुठून आलात, कुठे निघालात, सायकल केवढ्याची आणि हा खटाटोप कशासाठी, हे प्रश्न ठरलेले. अशा माणसाचा दिवस नेमका कसा जातो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचे मर्म या रोजच्या दिवसातच आहे.

सायकलवरून दूरदेशी जाण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून निघाले आणि जगप्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. पण व्हिएन्नात त्यांना एक सायकलपटू जोडीदार मिळाला आणि पुढचा प्रवास दोघांनी मिळून केला. अलीकडचे उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिचे. २०१८ मध्ये तिने १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा तिचे वय अवघे २० वर्षे होते. आणि त्यातील बहुतांश अंतर तिने एकटीने कापले.

अशा मोहिमांची बातमी वाचताना आपल्या मनात पायांच्या ताकदीचा विचार येतो. परंतु ताकद ही सरावाने येणारी गोष्ट आहे. एकट्या प्रवाशाची खरी अडचण वेगळी असते. दोघे असले की एक जण पाणी आणायला जातो, दुसरा सामानापाशी थांबतो. एकाचा चेहरा उतरला तर दुसऱ्याच्या लक्षात येते. 'आता पुरे, थांबू या' असे म्हणणारा कोणीतरी असतो. एकट्याला हा दुसरा माणूस नसतो आणि त्याची उणीव दिवसभर या ना त्या मार्गाने भरून काढावी लागते. खानदेशच्या उन्हात तर हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो.

उन्हाचे गणित

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. सायकल चालवताना आपले स्नायू खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरवण्यासाठी वापरतात. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते. एरवी अंगावर येणारा वारा हे काम करतो. परंतु हवाच अंगापेक्षा गरम असेल तर वारा थंडावा देण्याऐवजी भाजू लागतो. मग उरतो तो केवळ घाम. खानदेशची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याआल्या वाळून जातो आणि किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. सदऱ्यावर उमटलेले मिठाचे पांढरे डाग तेवढे हिशेब सांगतात.

उष्माघाताचा सर्वात मोठा धोका येथेच आहे. शरीराचे तापमान वाढत गेले की माणसाची विचारशक्ती मंदावते. तो चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो, 'अजून दहाच किलोमीटर' म्हणून पुढे रेटत राहतो. सोबत कोणी असेल तर त्याच्या ध्यानात येते; एकट्याच्या बाबतीत तपासणारे डोके आणि बिघडणारे डोके एकच असते. म्हणूनच जाणते सायकलस्वार दुपारचे निर्णय पहाटेच घेऊन ठेवतात. दहा वाजले की थांबायचे, मग गाव कितीही जवळ दिसो. एक बाटली संपली की दुसरी भरल्याशिवाय पुढे जायचे नाही. भोवळ आली, मळमळले किंवा ऊन असूनही अंगावर काटा आला तर त्या दिवसाचा प्रवास तेथेच संपला. हे नियम मोडण्याचा अधिकार दुपारी आपल्याला नसतो, एवढे मनाशी पक्के केले की झाले.

रस्त्यात कोणी सायकलस्वार बरळताना किंवा झोकांड्या खाताना दिसला तर वाचकांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की त्याला तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

पहाट ते दहा

भरल्या सायकलीचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास पडतो. धुळे ते जळगाव अंतर सुमारे ९० ते ९५ किलोमीटर. म्हणजे सहा-साडेसहा तासांचे निव्वळ पेडल मारणे. पारोळा आणि एरंडोल ही दोन गावे या अंतराचे साधारण तीन सारखे भाग करतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दिवसभर हवा सुखद असते, त्यामुळे हे अंतर एका दिवसात आरामात होते. जानेवारीच्या पहाटे धुळ्यात पारा कधी कधी ६-७ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हातमोजे मात्र हवेतच. मे महिन्यात पावणेसहाला उजाडते. उजाडताच निघाले तरी दहापर्यंत चार तासांत एरंडोलच्या आसपासच पोचता येते. उरलेला टप्पा दुसऱ्या पहाटेसाठी राखून ठेवावा. जळगावचे आमंत्रण कितीही आग्रहाचे असले तरी!

नकाशावर हा रस्ता सपाट दिसतो. पण बोरी, अंजनी, गिरणा या नद्या दक्षिणेकडून येऊन तापीला मिळतात आणि रस्ता त्यांना आडवा छेदत पूर्वेकडे जातो. त्यामुळे नदी आली की उतार आणि ती ओलांडली की चढ. मोटारीतून न जाणवणारे हे चढउतार सायकलवर मांड्यांना नेमके कळतात.

वाऱ्याचेही तसेच. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात येथे वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या काही उगीच नव्हे. धुळ्याहून जळगावला जाणाऱ्याच्या पाठीशी हा वारा असतो. उलट दिशेने येणाऱ्याचा तोच तासाभरात घाम काढतो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, पण त्याचा जोर कमी.

महामार्ग आणि आडवाट

सुरत-नागपूर महामार्गाचा जुना क्रमांक ६. आता तो ५३ आहे. अलीकडच्या वर्षांत चौपदरी झालेल्या भागांवर ट्रकांचा वेग वाढला, पण सायकलसाठी वेगळी पट्टी काही आली नाही. कडेचा पट्टा हाच सायकलस्वाराचा आसरा, आणि त्यातही उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, वाळत घातलेले धान्य आणि फुटक्या काचा. हँडलवर छोटा आरसा, मागे लाल दिवा, भडक रंगाचे जाकीट आणि कानांत गाणी नाहीत, ही किमान शिस्त होय. अंधार पडल्यावर एकट्याने महामार्गावर असूच नये.

वेळ हाताशी असेल तर धुळे-अमळनेर-धरणगाव-जळगाव हा रस्ता थोडा लांबचा, पण अधिक माणसाळलेला. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अध्यापन केले. धरणगाव हे बालकवी ठोमरे यांचे जन्मगाव. महामार्गाने गेल्यास पारोळ्याचा भुईकोट किल्ला, एरंडोलचा पांडववाडा आणि तेथून आत पद्मालयाचे गणेशस्थान आहे. मात्र येथेही दुसऱ्या माणसाची उणीव भासतेच. किल्ला पाहायला जायचे तर सायकल आणि सामान कोणाकडे सोपवायचे? अनुभवी लोकांचे उत्तर साधे असते. आधी चहा प्यावा, टपरीवाल्याशी चार शब्द बोलावेत, मग 'काका, जरा लक्ष ठेवता का?' असे विचारावे. पैसे आणि कागदपत्रे तेवढी अंगावर ठेवावीत.

ओझे आणि पोट

सामान जितके कमी तितका दिवस सुखाचा. दोन जोड कपडे, पांघरूण, औषधे, दिवा, हवेचा पंप, दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, साखळीचे तेल आणि चार-पाच लिटर पाणी मावेल अशा बाटल्या एवढे पुरे. बाभळीचा काटा आणि सराटा हे या भागातील टायरचे हाडवैरी आहेत. पंक्चर काढणारा कारागीर जवळपास प्रत्येक मोठ्या गावात भेटतो, पण आपल्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असे नाही. साध्या २६ इंची चाकाची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळण्याची शक्यता अधिक. परदेशी बनावटीच्या अनेक सायकलींना लागणारे माप बहुधा मोठ्या शहरातच मिळते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर सायकल घालू नये. चिखल चाकात बसला की सायकल ढकलणेही अशक्य होते.

खाण्याच्या बाबतीत खानदेश उदार आहे. पहाटे केळी, आठच्या सुमारास पोहे, दुपारी ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी आणि ताक, रात्री वरण-भात किंवा डाळबट्टी असा क्रम पोटाला मानवतो. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सायकलस्वाराच्या दृष्टीने केळीचे मोल याहून साधे आहे. सोलायला सोपी, पचायला हलकी आणि एका केळ्यात सुमारे शंभर कॅलरी. झणझणीत शेवभाजीचा मोह मात्र मुक्कामी पोचेपर्यंत आवरावा.

नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे असते, कारण घामाबरोबर मीठ जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण बाटलीत असावे.

मुक्काम

दुपारची विश्रांती ढाब्याच्या खाटेवर किंवा देवळाच्या सभामंडपात मिळते. रात्रीसाठी तालुक्याच्या गावी लॉज असतात. लहान गावात देऊळ, धर्मशाळा किंवा शाळेची ओसरी. दिवेलागणीपूर्वी पोचून पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटावे, ओळखपत्र दाखवावे आणि परवानगी घेऊनच पथारी पसरावी. त्यात औपचारिकतेचा भाग थोडा. गावाला आपली ओळख पटली की रात्रीची राखण गावच करते. एकट्या स्त्रीने मुक्काम आधी ठरवावा, ओळखीचे घर किंवा बिनचूक माहिती असलेले लॉज निवडावे आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मुक्कामाचे ठिकाण सांगू नये, हे भान आजही ठेवावे लागते.

खानदेशाला वाटसरूंची सवय जुनी आहे. आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी सुमारे महिनाभर चालून पंढरपूर गाठते. चैत्रात हजारो खानदेशी भाविक पायी सप्तशृंगगडाकडे निघतात, ऊन टाळण्यासाठी रात्री चालतात आणि वाटेवरची गावे त्यांना पाणी, ताक आणि जेवण देतात. सायकलस्वाराला दारात थांबवून तांब्याभर पाणी पुढे करणारी आजी याच सवयीतून आलेली असते. तिला त्याच्या विक्रमाशी काही घेणे नसते. वाटसरू उन्हातून आला आहे, एवढे तिला पुरते.

मुक्कामी पोचल्यावरही दिवस संपत नाही. कपडे धुवावे लागतात. घामट कपड्यांनी बैठकीची जागा सोलवटली की पुढचे चार दिवस वाया जातात. साखळी पुसून तेल घालणे, टायरमधले काटे तपासणे, मोबाइल चार्ज करणे, दिवसाचा खर्च टिपून ठेवणे आणि शेवटी घरी फोन. हा फोन ठरलेल्या वेळी व्हायला हवा. 'आठपर्यंत माझा फोन आला नाही तर अमुक ठिकाणी चौकशी करा' असे घरच्यांना सांगून ठेवले तर घरचे माणूसच दूर राहून तो दुसरा माणूस बनते.

असा प्रवास प्रथमच करू पाहणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, धुळे-जळगाव हे अंतर दोन दिवसांत विभागावे आणि मधला मुक्काम आधीच ठरवावा. थांबण्याची वेळ कागदावर लिहून ती हँडलजवळ दिसेल अशी लावावी. पायांची परीक्षा पहिल्याच चढावर होते आणि ती बहुतेक जण उत्तीर्ण होतात. खरी परीक्षा दहा वाजता असते, जेव्हा पाय चालत असतात, गाव समोर दिसत असते आणि तरीही सायकल झाडाखाली लावायची असते.